फिगर स्केटिंगमधील प्रशिक्षक व खेळाडू

पात्याचे बूट घालून बर्फावर आकृत्या रेखणे, उड्या मारणे, गिरक्या घेणे व संगीताच्या साथीने पदन्यास करणे, असे फिगर स्केटिंगचे स्वरूप आहे. या खेळात प्रशिक्षकाचे स्थान अन्य बहुतेक खेळांहून निराळे आहे. शिक्षण मुख्यतः एकास एक असे चालते. त्याचा प्रारंभ पाच-सहा वर्षांच्या वयात होतो आणि पुढे दहा-पंधरा वर्षे तोच क्रम राहू शकतो. तंत्राबरोबरच संगीताची निवड, वेशभूषा, आहार, झोप, शाळेच्या वेळा या गोष्टीही प्रशिक्षकाच्या अखत्यारीत येतात. साहजिकच हा संबंध कधी गुरुशिष्याचा, कधी पालक-पाल्याचा, तर कधी निव्वळ तासिकेच्या मोबदल्याचा असतो. पुष्कळदा तो एकाच वेळी या तिन्ही प्रकारचा असतो. खेळाडूचे प्रदर्शन चालू असताना प्रशिक्षकाला कठड्याबाहेर उभे राहून पाहण्यापलीकडे काहीही करता येत नाही. प्रदर्शन संपल्यावर मात्र दोघेही शेजारी बसून गुणांची वाट पाहतात. दूरचित्रवाणीमुळे हे दृश्य जगभर परिचयाचे झाले आहे.

आधुनिक शैलीचा प्रवर्तक जॅक्सन हेन्झ (मृत्यू १८७५) हा अमेरिकन नृत्यशिक्षक होता. मायदेशी त्याच्या नृत्यमय शैलीचे फारसे स्वागत झाले नाही. व्हिएन्नात मात्र तिला अनुयायी मिळाले व तेथूनच ती यूरोपभर पसरली. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना १८९२ मध्ये स्थापन झाली आणि पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १८९६ मध्ये सेंट पीटर्झबर्ग येथे भरली. या काळापासून हौशी व व्यावसायिक यांच्यात काटेकोर भेद पाळला जाऊ लागला. पैसे घेऊन शिकविणारा व्यावसायिक ठरे व स्पर्धेला मुके. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत हा भेद कमीअधिक प्रमाणात टिकून होता. त्यातून एक विचित्र परिस्थिती उद्भवली. शिक्षकाचा उदरनिर्वाह शिकविण्यावर चाले, शिष्याला मात्र आपल्या कौशल्यातून कमाई करण्यास बंदी असे. आणि मधला सर्व खर्च, जेथे शासन पाठीशी नव्हते तेथे, आईवडिलांवर पडे.

शिक्षकावरील अवलंबित्व वाढविणारे दुसरे कारण तांत्रिक होते. दीर्घकाळ एकूण गुणांपैकी ६० टक्के गुण अनिवार्य आकृत्यांना असत. बर्फावर वर्तुळे व त्यांची गुंफण रेखून त्याच रेषेवरून पुन्हापुन्हा जावयाचे, हे काम नीरस व अत्यंत सूक्ष्म होते. रेषेतील दोष दाखविण्यासाठी अनुभवी डोळा तासन्‌तास जवळ असणे आवश्यक होते. १९९० नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून या आकृत्या वगळण्यात आल्या. उड्यांच्या शिक्षणात गुस्ताव्ह लूसी (१८९८–१९९३) याचे नाव अग्रगण्य आहे. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या या शिक्षकाचा शिष्य डिक बटन याने १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये दुहेरी अ‍ॅक्सेल, तर १९५२ मध्ये तिहेरी लूप ही उडी यशस्वी केली. या दोन्ही उड्या स्पर्धेत प्रथमच पाहावयास मिळाल्या.

ही विद्या ग्रंथांपेक्षा माणसांकरवीच अधिक पुढे जाते, याचा दारुण प्रत्यय १५ फेब्रुवारी १९६१ रोजी आला. प्रागच्या जागतिक स्पर्धेसाठी निघालेल्या अमेरिकन संघाचे विमान ब्रूसेल्सजवळ कोसळले व त्यातील सर्व ७२ जण मृत्युमुखी पडले. त्यांत संघाचे १८ खेळाडू होते. त्यांचे कुटुंबीय, पंच व प्रशिक्षकही होते. मृतांपैकी मेरिबेल व्हिन्सन ओवेन ही नऊ वेळा राष्ट्रीय विजेती ठरलेली व १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविलेली खेळाडू. तिच्याच मार्गदर्शनाखाली टेन्ली ऑलब्राइट हिने १९५६ मध्ये ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले होते. तिच्या दोन मुली, मेरिबेल व लॉरेन्स, तिच्याच शिष्या होत्या व त्याच विमानात होत्या. हेझ व डेव्हिड जेंकिन्झ या ऑलिंपिक विजेत्या बंधूंचा शिक्षक एडी शोल्डन हाही त्यांत होता. प्रागची स्पर्धा रद्द करण्यात आली. खेळाडूंची एक पिढी नाहीशी झाली, त्याहून भरून येण्यास कठीण अशी शिक्षकांची फळी नाहीशी झाली. ती पोकळी अंशतः परदेशी शिक्षकांनी भरली. इटालियन कार्लो फासी (१९२९–९७) शोल्डनच्या जागी कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे आला. पेगी फ्लेमिंग हिचा शिक्षकही अपघातात गेला होता. फासीकडे शिकता यावे म्हणून तिचे कुटुंब त्या गावी राहावयास गेले व १९६८ मध्ये तिने सुवर्णपदक पटकाविले. पुढे डॉरोथी हॅमिल व इंग्लंडचा जॉन करी (१९७६), तसेच रॉबिन कझिन्झ (१९८०) हे फासीचे शिष्य विजेते ठरले. ओवेनची परंपरा तिचा शिष्य फ्रँक कॅरल याने चालविली. त्याचा शिष्य एव्हन लायसाचेक २०१० मध्ये ऑलिंपिक विजेता झाला.

पूर्व यूरोपात प्रशिक्षक हा शासनाचा सेवक होता. पूर्व जर्मनीतील कार्ल-मार्क्स-श्टाट (आताचे केम्निट्स) येथील युटा म्यूलर (१९२८–२०२३) हिने आपली कन्या गाब्रिएले सेफर्ट हिला दोनदा जगज्जेती केले. आनेट पोट्श (१९८०) व काटारीना व्हिट (१९८४, १९८८) या तिच्या शिष्यांनी ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविली. केशरचनेपासून प्रेक्षकांकडे पाहण्याच्या ढबीपर्यंत सर्व गोष्टींवर म्यूलरची नजर असे. तिची शिस्त कठोर होती. तथापि राज्य लयास गेल्यानंतर, कसलीही सक्ती उरली नसताना, व्हिट १९९४ च्या ऑलिंपिकसाठी पुन्हा तिच्याकडेच गेली व सातवी आली. या संबंधाला केवळ हुकमत म्हणणे त्यामुळे कठीण जाते.

सोव्हिएट संघात स्तानिस्लाव्ह झूक (१९३५–९८) याने इरीना रोदनिना हिला घडविले. तिने १९६९ ते १९७८ या काळात सलग दहा जागतिक विजेतेपदे मिळविली. मात्र १९७४ मध्ये ती व तिचा जोडीदार अलेक्सांद्र झाइत्सेव्ह यांनी झूकला सोडून सत्तावीस वर्षांच्या तात्याना तारासोवाकडे शिकण्यास प्रारंभ केला. कीर्तीच्या शिखरावरील खेळाडूने सिद्धहस्त गुरू सोडून जवळजवळ समवयस्क शिक्षिका निवडावी, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. त्यानंतरची दोन ऑलिंपिक सुवर्णपदके त्यांनी तारासोवाच्या मार्गदर्शनाखाली जिंकली. याउलट ल्युदमिला बेलउसोवा व अलेग प्रोतोपोपोव्ह हे १९६४ व १९६८ चे विजेते दांपत्य बहुतांशी स्वतःच स्वतःचे शिक्षक होते.

सोव्हिएट संघाच्या विघटनानंतर शिक्षक देशोदेशी पांगले. युक्रेनची अनाथ ओक्साना बाइउल हिचा शिक्षक कॅनडास निघून गेला, तेव्हा ओडेसा येथील गालिना झ्मीएव्हस्काया हिने तिला शिष्या म्हणून तर स्वीकारलेच, शिवाय स्वतःच्या घरी ठेवून घेतले. १९९४ मध्ये सोळा वर्षांची बाइउल ऑलिंपिक विजेती ठरली. ताटातुटीची उदाहरणेही थोडी नाहीत. मिशेल क्वान २००१ मध्ये कॅरलपासून विभक्त झाली व पुढील ऑलिंपिकमध्ये प्रशिक्षकाविना उतरून तिने कांस्यपदक मिळविले. कोरियाची किम युना व कॅनडाचा ब्रायन ऑर्सर यांचा संबंध २०१० च्या सुवर्णपदकानंतर काही महिन्यांतच तुटला.

एका प्रौढ व्यक्तीच्या हाती बालकाचे जवळजवळ संपूर्ण जीवन सोपविण्याचे धोके फार उशिरा उघडपणे चर्चिले गेले. २०२० मध्ये सारा आबितबोल या माजी फ्रेंच खेळाडूने किशोरवयात आपल्या प्रशिक्षकाने लैंगिक अत्याचार केल्याचा आरोप पुस्तकाद्वारे केला. त्यातून उठलेल्या वादळात फ्रेंच संघटनेच्या अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पंधरा वर्षांची रशियन खेळाडू कामिला व्हालिएव्हा निषिद्ध द्रव्याच्या प्रकरणात सापडली. वारंवार पडून, चौथ्या क्रमांकावर घसरून ती बर्फाबाहेर आली, तेव्हा तिच्या शिक्षिकेने सांत्वनाऐवजी जाब विचारल्याचे दृश्य जगभर दिसले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांनीही या थंडपणाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. त्याच वर्षी जूनमध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने वरिष्ठ गटासाठी किमान वय टप्प्याटप्प्याने १५ वरून १७ वर नेण्याचा निर्णय घेतला व २०२४-२५ च्या हंगामापासून तो पूर्णतः अंमलात आला.