किनाऱ्यावरची उमेदवारी

‘इंटर्नशिप’ या शब्दाला मराठीत जुना आणि चांगला शब्द आहे, उमेदवारी. आपल्या आजोबांच्या पिढीतला तरुण एखाद्या पेढीवर, छापखान्यात किंवा वकिलाच्या कचेरीत वर्ष-दोन वर्षे बिनपगारी उमेदवारी करायचा. पाणी भरण्यापासून कागद नकलून देण्यापर्यंत पडेल ते काम करायचे आणि डोळे उघडे ठेवायचे, एवढाच त्याचा अभ्यासक्रम. आता उमेदवार म्हटले की आपल्याला फक्त निवडणूक आठवते, त्यामुळे तो शब्द बिचारा हातचा गेला. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिपला श्रेयांक मिळू लागले आणि आमच्याकडची मुले सुट्टीत संस्था शोधत फिरू लागली. समुद्रकिनारा, खारफुटी, कासवे असल्या विषयांकडे त्यांचा ओढा मोठा. माझ्याकडेही अधूनमधून कोणीतरी येते आणि विचारते, “सर, किनाऱ्यावर काम करणारी एखादी चांगली संस्था सांगा. सर्टिफिकेट देणारी.”

संस्थेचे नाव सांगण्याआधी मी त्यांना मद्रासची हकिकत सांगतो. तिच्यात सर्टिफिकेट कुठेच नाही.

१९७० च्या सुमारास रोम्युलस व्हिटेकर यांनी मद्रासला सर्पोद्यान काढले. साप पाहायला आणि हाताळायला शिकण्यासाठी तिथे कॉलेजातली पोरे गोळा होत. त्यांतल्या काहींना शहराच्या दक्षिणेच्या किनाऱ्यावर कासवे अंडी घालायला येतात हे कळले. ती रात्री चालत जाऊन पाहू लागली, तेव्हा कासवापेक्षा माणसे आणि कुत्रीच आधी पोहोचलेली असत. ऑलिव्ह रिडली ही आपल्या किनाऱ्यावर सर्वांत जास्त दिसणारी जात. ओडिशातल्या गहिरमाथा येथे ती लाखांच्या संख्येने अंडी घालते, हे विज्ञानजगताला १९७४ मध्ये कळले. मद्रासच्या या मुलांनी त्याच सुमारास हाताने अंडी काढून, कुंपण घातलेल्या जागेत पुन्हा पुरून, देशातले अगदी सुरुवातीचे कासव-उबवणी केंद्र चालवले होते. कोणी सांगितले म्हणून नव्हे. त्यांना करावेसे वाटले, एवढेच.

या गोतावळ्यात एक विद्यार्थी होता सतीश भास्कर. मद्रासच्या आयआयटीत अभियांत्रिकी शिकायला आलेला, पण वर्गात बसण्यापेक्षा समुद्रात पोहण्यात जास्त वेळ घालवणारा. शिक्षण सुटले आणि तो सर्पोद्यानाचा क्षेत्र-अधिकारी झाला. १९७७ पासून त्याने भारताचा किनारा पायी धुंडाळायला घेतला. लक्षद्वीप, कच्छचे आखात, अंदमान-निकोबार मिळून सुमारे ४,००० किलोमीटर चालणे झाले असे मानतात. १९८२ च्या पावसाळ्यात लक्षद्वीपच्या सुहेली बेटसमूहातल्या वलियकरा या निर्जन बेटावर हिरव्या कासवांच्या नोंदी करण्यासाठी तो एकटा राहिला. पावसाळ्यात तिथे होडी येत नाही, म्हणून पाच महिन्यांचे धान्य बरोबर. त्याने पत्नीला लिहिलेले एक पत्र बाटलीत घालून समुद्रात सोडले. ते श्रीलंकेतल्या एका मच्छीमाराला सापडले आणि त्याने ते पोस्टाने तिच्याकडे पाठवून दिले. पुढे न्यू गिनीच्या इंडोनेशियन भागात जाऊन त्याने शेकडो लेदरबॅक कासवांना खुणेचे बिल्ले लावले.

ही माहिती आम्हा गोवेकरांना घरची असायला हवी होती. कारण हा माणूस आयुष्याची अखेरची वर्षे गोव्यातच राहत होता, आणि आमच्यापैकी फार थोड्यांना ते ठाऊक होते. २०१० च्या एप्रिलमध्ये सागरी कासवांवरची आंतरराष्ट्रीय परिषद गोव्यात भरली, तेव्हा जगभरच्या अभ्यासकांनी त्याचा सन्मान केला. मार्च २०२३ मध्ये तो गेला. त्याच्यावर निघालेला ‘टर्टल वॉकर’ हा माहितीपट २०२४ मध्ये प्रथम दाखवला गेला. पदवी अर्धी सोडलेल्या या मुलाच्या नोंदवह्यांना आज वेगळीच किंमत आली आहे. ग्रेट निकोबारच्या गॅलेथिया उपसागरात लेदरबॅक कासवे येतात, हे नोंदवून ठेवणाऱ्या पहिल्या लोकांत तो होता. त्याच उपसागराचे अभयारण्यपण जानेवारी २०२१ मध्ये काढून घेण्यात आले आणि तिथल्या बंदराच्या प्रकल्पाला २०२२ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली. वाद अजून चालू आहे. पण “इथे कासव येतच नव्हते” असे कोणाला म्हणता येत नाही, ते अशा जुन्या नोंदींमुळे.

मद्रासकडे परत येतो. सर्पोद्यानाचे काम पुढे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने आणि मग तमिळनाडूच्या वनखात्याने चालवले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ते थांबले. किनारा पुन्हा उघडा पडला, तेव्हा १९८८ मध्ये काही विद्यार्थ्यांनीच एकत्र येऊन ‘स्टुडंट्स सी टर्टल कॉन्झर्वेशन नेटवर्क’ सुरू केले. नावातच विद्यार्थी. कार्तिक शंकर हे त्या पहिल्या फळीतले. ते पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले आणि भारतातल्या कासवांच्या कामाचा इतिहास त्यांनी २०१५ मध्ये पुस्तकरूपाने लिहिला. बाकीचे कोण कुठे गेले, बँकेत की परदेशात, याची यादी कोणी ठेवलेली नाही. पण रात्रीची चाल चालू राहिली. पगारी माणूस नाही, मोठी कचेरी नाही, आणि तरी साडेतीन दशके उलटून गेली.

त्यांचे काम नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यातच या उमेदवारीचे शिक्षण आहे. जानेवारी ते मार्च हा तिकडचा मुख्य हंगाम. नीलांकराई ते बेसंत नगर हा सुमारे ७ किलोमीटरचा पट्टा रात्री चालायचा. विजेरी शक्यतो लावायची नाही, कारण उजेड दिसला तर मादी पाण्यातूनच परत फिरते. वाळूत ट्रॅक्टर गेल्यासारखी खूण दिसली की तिच्या मागे जायचे. मादी घरटे बुजवून वर पोटाने वाळू थापटून जाते, त्यामुळे नेमकी जागा काठीने हलकेच चाचपून शोधावी लागते. मग हाताने खणायचे. हात खांद्यापर्यंत आत जातो आणि बोटांना अंडी लागतात, साधारण १०० ते १२०. ती मोजून पिशवीत घ्यायची, त्याच मापाचा सुरईच्या आकाराचा खड्डा केंद्रात करायचा आणि अंडी त्यात ठेवायची.

हे सकाळी का करत नाहीत, असे एका मुलीने मला विचारले होते. प्रश्न चांगला होता. अंडे घातल्यावर काही तासांतच आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडे उलटेपालटे झाले तर तो मरतो. म्हणजे रात्रीची झोप मोडणे हा हौसेचा भाग नाही, तो कामाचाच भाग आहे. तसेच पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू तापलेली असली तर माद्या, थंड असली तर नर. त्यामुळे केंद्राची जागा, सावली, खड्ड्याची खोली यांत हलगर्जीपणा चालत नाही. म्हणूनच आता अभ्यासक सांगतात की शक्य असेल तिथे अंडी हलवूच नयेत, घरटे जागच्या जागी राखावे. सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले वर येतात आणि उजेडाकडे धावतात. पूर्वी रात्रीचा सर्वांत उजळ भाग समुद्राकडचा असे. आता रस्त्यावरचे दिवे त्याहून उजळ आहेत.

आता गोव्याकडे. रात्री गावाची सीम चालणारा आपल्याकडे राखणदार. त्याच्या काठीचा आणि वहाणांचा आवाज ऐकल्याचे सांगणारी माणसे अजून गावोगाव भेटतात. कासवांच्या बाबतीत हा शब्द अगदी शब्दशः खरा झाला तो मोरजीच्या तेंबावर, शापोरा नदीच्या मुखाजवळ. किनाऱ्यावर पूर्वी कासवाची अंडी काढायची, खायची, विकायची रीत होती आणि ती लपवण्यासारखी कोणाला वाटतही नव्हती. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात गावकरी आणि वनखाते यांनी मिळून तिथे राखण सुरू केली. अंडी कुठे असतील हे ज्यांना ठाऊक, तेच ती सांभाळायला बसले. हळूहळू आगोंद, गालजीबाग, मांद्रे येथेही तसेच झाले. किनारपट्टी नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेत या चारही किनाऱ्यांचा कासवांच्या विणीच्या जागा म्हणून उल्लेख आला, तेव्हा त्यामागे या रात्री होत्या.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासची हकिकतही याच जातीची. नाना फडणविसांचे हे गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे लोक २००२ मध्ये समुद्री गरुडांची घरटी मोजत तिथे गेले होते, तेव्हा त्यांना वाळूत कासवांच्या अंड्यांची टरफले दिसली. तिथून काम सुरू झाले, आणि पुढे कासव महोत्सवामुळे गावातल्या बायकांच्या पंगती पाहुण्यांनी भरू लागल्या. तिथे विद्यार्थी नंतर आले, गाव आधी होता.

मद्रास आणि मोरजी यांत मला एक फरक बोचतो. मद्रासच्या मुलाचे नाव निबंधात येते, अहवालात येते, निदान वहीत तरी राहते. मोरजीच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षे खोपीत रात्र काढणाऱ्या गड्याचे नाव बहुधा हजेरीपटावरच राहते, हंगामी रोजंदारीच्या रकान्यात. शहरातून पंधरा दिवसांसाठी आलेली मुलगी त्याच्याकडूनच सगळे शिकते. वाऱ्याची दिशा, भरतीची वेळ, खरे घरटे आणि मादीने अर्धवट सोडलेला खड्डा यांतला भेद, हे तोच दाखवतो. मग ती प्रकल्प-अहवाल लिहिते आणि ऋणनिर्देशात ‘स्थानिकांचे आभार’ मानते. माझ्या मते हा साधा शिष्टाचाराचा प्रश्न नाही, इतिहासलेखनाचा आहे. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी हल्ली एकच अट घालतो. ज्याने शिकवले त्याचे नाव, वाडा आणि तो किती वर्षे राखण करतो हे पहिल्या पानावर यायला हवे, त्याची हरकत नसेल तर. काहींना ही अट विचित्र वाटते. दोघा-तिघांनी मनापासून पाळली, आणि त्यांच्या वह्या वाचायला मला त्यांच्या श्रेयांकांपेक्षा जास्त आनंद झाला.

सर्टिफिकेट वाईट असे माझे म्हणणे नाही. पोटापाण्याला कागद लागतोच. पण किनाऱ्याचे काम पंधरा दिवसांच्या मापात बसत नाही. जानेवारी २०२५ मध्ये चेन्नईच्या आसपास शेकडो मेलेली ऑलिव्ह रिडली वाहून आली. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकले की कासवाला श्वास घ्यायला वर येता येत नाही, ते बुडून मरते. तमिळनाडूत किनाऱ्यापासून पाच सागरी मैलांच्या आत ट्रॉलरला बंदी आहे, तरी हे झाले. मेलेली कासवे मोजत फिरणाऱ्यांत तीच विद्यार्थी मंडळी होती. एवढी वर्षे रात्री चाललेल्यांनी आकडा दिला, त्यामुळे यंदाचे मरण नेहमीसारखे नाही हे ठामपणे सांगता आले.

त्याच महिन्यातली दुसरी बातमी आपल्या बाजूची. गुहागरच्या पुळणीवर एक मादी अंडी घालताना दिसली, तिच्या वल्ह्यासारख्या पायाला धातूचा बिल्ला होता. त्यावरचा क्रमांक ०३२३३. शोध घेतल्यावर कळले की तो २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेला होता. म्हणजे बंगालच्या उपसागरातली कासवे वेगळी आणि अरबी समुद्रातली वेगळी, ही आजवरची समजूत तपासून पाहावी लागणार. एका रात्री ओडिशात कोणीतरी बिल्ला लावून वहीत क्रमांक लिहिला, आणि चार वर्षांनी दुसऱ्या रात्री कोकणात कोणीतरी वाळूत वाकून तो वाचला.