कोलाडला राफ्टिंगला जाताय? आधी पाण्याची वेळ समजून घ्या

रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिका नदीत पावसाळा नसतानाही राफ्टिंग होतं. कारण हे पाणी मुळशी धरणाचं. भिरा इथल्या केंद्रात वीज तयार झाली की ते नदीत सोडलं जातं, बहुधा सकाळीच. म्हणून आदल्या रात्री नदीकाठच्या कॅम्पवर मुक्काम करणं सोयीचं. तंबू मात्र कोरड्या पात्रात कधीही लावू नये. रात्री जेमतेम वाहणारी नदी पाणी सोडल्यावर झपाट्याने वाढते, तेही आकाशात ढग नसताना.

लवकर वाळणारे कपडे घाला, जीन्स नकोच. चपला वाहून जातात, त्यामुळे मागे पट्टा असलेली सँडल किंवा जुने बूट बरे. चष्म्याला दोरी हवी. मोबाइल किनाऱ्यावरच ठेवा, रील नंतरही करता येईल. दमा, फिट येणं, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा.

लाइफ जॅकेटचे पट्टे आवळल्यावर सोबत्याला ते खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. कानांपर्यंत सरकलं तर ते सैल आहे.

पाण्यात पडलात तर पाठीवर तरंगा. पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेला. वेगवान पाण्यात उभं राहू नका, अगदी कमरेएवढं असलं तरी. पाय दगडांच्या फटीत अडकला, तर मागून येणारं पाणी माणसाला खाली दाबतं आणि जॅकेटचाही उपयोग होत नाही. गाइडने दोर फेकला तर तो हातांनी घट्ट धरायचा, मनगटाला गुंडाळायचा नाही.