घर राहण्यायोग्य कोणी ठेवायचे?

घर ‘राहण्यायोग्य’ असणे म्हणजे काय, हा प्रश्न वरवर पाहता आरोग्यशास्त्राचा वाटतो. मुंबईच्या चाळींचा इतिहास वाचू लागलो की मात्र त्याच्याआडून दुसराच प्रश्न डोकावतो: घर राहण्यायोग्य ठेवण्याचा खर्च कोणी सोसायचा?

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतर शहरातल्या अनेक घरांच्या भिंतींवर ‘यू. एच. एच.’ ही अक्षरे रंगवली गेली. ‘मानवी वस्तीस अयोग्य’ असा त्या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ. घाण आणि कोंदट हवा हेच रोगाचे मूळ मानले जात होते. म्हणून आत ऊन यावे यासाठी छपरांची कौलेही उतरवली गेली. पॉल-लुई सिमों यांनी उंदरांवरच्या पिसवांचा संबंध दाखवला तो १८९८ मध्ये, कराचीत. आणि तो सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. तोवर शिक्का इमारतीवर बसला होता आणि बाहेर पडावे लागले ते भाडेकरूला.

त्याच १८९८ साली स्थापन झालेल्या सुधार विश्वस्त मंडळाने, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने, दाट वस्त्या पाडून रस्ते काढले. पाडलेल्या घराच्या मालकाला मोबदला मिळे. भाडेकरू कामाच्या जवळपास, शेजारच्या चाळीत शिरे. एक अयोग्य घर पाडल्याने दुसरे अयोग्य होत होते. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी पुढे साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशकोनाचा नियम पुरस्कारला. त्याचा व्यवहारातला अर्थ सोपा आहे: इमारत तीस फूट उंच असेल, तर तिच्यासमोर पंधरा फूट जागा मोकळी हवी. भाडेकरूच्या दृष्टीने ती हवा आणि उजेड. मालकाच्या दृष्टीने भाडे न देणारी जमीन. योग्यतेची व्याख्या भूमितीत बसली, तरी तिची किंमत भूमितीत बसत नव्हती.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने या हिशेबाला वेगळे वळण दिले. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, तेच प्रमाणभूत ठरले. युद्धोत्तर टंचाईत या कायद्याने असंख्य कुटुंबांच्या डोक्यावरचे छप्पर वाचवले, हे नाकारता येणार नाही. परंतु वाशांचे, चुन्याचे, गवंड्याच्या मजुरीचे भाव १९४० मध्ये थांबले नव्हते. दुरुस्तीचे कर्तव्य कायद्याने मालकावरच ठेवले, आणि ते पार पाडण्याची आर्थिक प्रेरणा मात्र काढून घेतली. मालकाचे खरे उत्पन्न मग मासिक भाड्यातून सरकून पागडीत गेले. भाडेकरू बदलताना मिळणारी ती रक्कम गळक्या छपराकडे वळेलच, याची हमी कोणी देत नव्हते.

१९६९ मध्ये शासनाने दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ नेमले आणि जुन्या इमारतींवर उपकर बसवला. अशा इमारती आरंभी १९,६४२ होत्या. आता कर्तव्याचे तीन वाटेकरी झाले: मालक, भाडेकरू आणि मंडळ. गोठवलेली भाडी अवाजवी असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले. १९९९ च्या कायद्याने वार्षिक चार टक्के वाढीची मुभा दिली. पण चार टक्के कशावर? साठ वर्षांपूर्वीच्या आकड्यावर. जिन्याची एक कुजलेली तुळई बदलण्यासही ती वाढ पुरणारी नव्हती.

३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारात हुसैनी इमारत कोसळली. ३३ माणसे गेली. मांडवीपासून ही जागा फार दूर नाही. ही इमारत धोकादायक असल्याचे आधीच जाहीर झाले होते. म्हणजे शिक्का एकशेवीस वर्षांनंतरही बसतच होता. त्यापुढचे काम कोणाचे, हे ठरलेले नव्हते.

चाळीवर मराठीत जिव्हाळ्याने पुष्कळ लिहिले गेले. सामाईक गॅलरी, नळावरची भांडणे, गणपती, एकमेकांच्या सुखदुःखात धावून जाणे, हे सारे त्यात आहे, आणि ते खरेही आहे. घरमालक मात्र बहुधा भाडेवसुलीपुरता दिसतो. त्याची वही उघडून पाहिली तर तिथे लोभ सापडेल, तशी न जुळणारी बेरीजही सापडेल. त्याला दोषमुक्त करण्यासाठी ती वाचायची नाही. भिंतीवर ‘अयोग्य’ लिहिणे सर्वांना जमले आणि भिंत सावरणे कोणाच्याच वाट्याला का आले नाही, हे त्या वहीशिवाय कळत नाही, म्हणून ती वाचायची.