दादीचा एकच फोटो

आमच्या घरात भिंतीवर दोनच फ्रेमा होत्या, एक मक्केची आणि एक मदिनेची. माणसाचा फोटो एकही नव्हता. तसबीर असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत, असं दादी सांगायची. मग या दोन कशा चालतात? "त्यात जीव नाही," असं उत्तर यायचं. पुढे एकदा स्टुलावर चढून पाहिलं, तर काबागृहाभोवती मुंगीएवढी माणसं दिसत होती! मी कुणाला बोललो नाही.

सत्तरच्या दशकात चाचा मुंबईहून आग्फा क्लिक थ्री घेऊन आले. एका रोलमध्ये बाराच फोटो. रोल धुवायला तालुक्याला जायचा आणि आठवड्याने कळायचं, की त्यातले चार काळे आलेत. कॅमेरा दिसला की दादी पदर ओढून पाठ फिरवायची. उरलेले फोटो ट्रंकेत कपड्यांखाली जायचे.

हा वाद आमच्या घरातला नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. मदिनेचे माहीत असलेले सर्वांत जुने फोटो १८६१ चे आहेत, मक्केचे १८८० चे. दोन्ही इजिप्तच्या लष्करातले अधिकारी मुहम्मद सादिक बे यांनी काढले. त्याच दशकात अब्दुल गफ्फार नावाचे मक्केतलेच एक डॉक्टर हाजींचे फोटो काढू लागले. आमच्या भिंतीवरच्या फ्रेमांची सुरुवात अशी मुसलमानांच्याच हातून झालेली. उलेमांमध्ये प्रश्न होता तो असा: हाताने काढलेलं चित्र ही अल्लाहच्या निर्मितीची नक्कल, पण फोटोचं काय? इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी फोटोला पकडून ठेवलेली सावली मानलं आणि परवानगी दिली. उर्दूतही फोटोला 'अक्स' म्हणतात, म्हणजे प्रतिबिंब. मौलाना आझादांनी १९१२ साली कलकत्त्यात सुरू केलेल्या 'अल-हिलाल'मध्ये फोटो छापले जात. आपल्याकडच्या बऱ्याच उलेमांना मात्र हे पटलं नाही. पासपोर्टासारख्या गरजेपुरती त्यांनी सवलत ठेवली.

यातलं काहीच आमच्या मोहल्ल्यात पोचलं नव्हतं. पोचली होती फक्त मनाई, आणि तीही सगळ्यांना सारखी नव्हती. चाचांच्या रोलमध्ये आम्ही मुलं असायचो. आपा कधीच नसायची.

१९७९ साली आपा दहावीला होती. निरोपाच्या दिवशी शाळेत ग्रुप फोटो होता. अब्बांनी नको म्हटलं. आपा त्या दिवशी शाळेतच गेली नाही. वर्गात पहिली येणारी मुलगी त्या फोटोत नाही. दोन वर्षांनी मी दहावीला गेलो, तेव्हा अब्बांनी फोटोचे पैसे स्वतः खिशातून काढून दिले. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, हे आज लिहिताना जड जातं.

आणि मग दादी हजला निघाली. अर्जाला फोटो हवा. अब्बाच तिला स्टुडिओत घेऊन गेले, सोबत आपा आणि मी. मागे रंगवलेला पडदा, काळ्या कापडात डोकं खुपसलेला फोटोग्राफर. "आजी, पदर जरा मागं घ्या, चेहरा दिसू द्या." दादीने अब्बांकडे पाहिलं. अब्बांनी मान हलवली. "जरूरत है, अम्मा." घरी येताना आपा हळूच म्हणाली, "मेरेकू जरूरत नै थी क्या?" अब्बांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. मला वाटतं, त्यांना भीती मोहल्ल्याच्या तोंडाची जास्त होती. कुठल्या फतव्याचं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

दादी गेल्यावर अब्बांनी तोच फोटो मोठा करून आणला. भिंतीवर मात्र लावला नाही, कपाटात ठेवला. ईदच्या सकाळी कपाट उघडून ते थोडा वेळ तसेच उभे राहायचे. फोटोत दादी दचकल्यासारखी दिसते.

आता आमच्या मशिदीतल्या मौलानांचं बयान मोबाईलवर व्हिडिओत येतं, आणि आपाच्या नाती दिवसाला पन्नास फोटो काढतात. मागच्या वर्षी कुणा मैत्रिणीने १९७९ चा तो ग्रुप फोटो व्हॉट्सअॅपवर टाकला. आपाने बोटांनी तो मोठा केला, डावीकडून एकेका मुलीचं नाव सांगत गेली. दुसऱ्या रांगेच्या टोकाशी बोट थांबलं.

"उंचीप्रमाणे उभं केलं होतं," ती म्हणाली. "मी इथं असते."