पंच नेमायचा कुणी?

आज मी कोलकात्यातून बोलतोय. वॉरन हेस्टिंग्जच्या १७७२ च्या योजनेनुसार सदर दिवाणी अदालत याच शहरात बसली. हिशेबाचे तंटे लवादाकडे न्यावेत आणि लवादाचा निवाडा हाच अदालतीचा हुकूम समजावा, असं त्या योजनेत होतं. आपल्याकडे मराठेशाहीत पंचायतीपुढे जाताना वादी-प्रतिवादी 'राजीनामा' लिहून देत. म्हणजे 'निवाडा मान्य करू' असा कागद.

पण भांडणारे एकमेकांना कधी भेटलेच नसतील, तर? इंग्रजी विकिपीडियावर २००४ पासून लवाद समिती काम करते. वर्षअखेरीस स्वयंसेवक संपादक तिच्यासाठी मतदान करतात. प्रत्येक उमेदवाराबाबत तीन पर्याय असतात: पाठिंबा, विरोध, तटस्थ. तटस्थ मतं हिशेबात धरत नाहीत. उरलेल्यांत निम्मा पाठिंबा नसेल, तर उमेदवार निवडून येत नाही, मग जागा रिकामी राहिली तरी चालेल. २००९ पासून हे मतदान गुप्त असतं. त्यातलं शहाणपण उघड आहे: आज ज्याला विरोध केला, उद्या त्याच्यापुढेच उभं राहावं लागेल.

बांगला विकिपीडियावर चर्चेसाठी 'आलोचनासभा' आहे, मराठीवर 'चावडी'. निवडून दिलेली लवाद समिती मात्र दोन्हीकडे नाही. प्रचालकच वादात सापडला, तर दाद कुणाकडे मागायची?

मला वाटतं, विरोधाचं मतही मोजणारी निवडणूक म्हणजे सगळ्यांनी मिळून आधीच लिहिलेला राजीनामा. तो नसेल, तर हरलेला माणूस निवाडा मानत नाही. तो लिहिणंच सोडतो. मोजक्या हातांवर चाललेल्या ज्ञानकोशाला ते परवडत नाही.