माताआफा, फिआमे नाओमी
(२९ एप्रिल १९५७ – ). सामोआ या पॅसिफिक महासागरातील द्वीपराष्ट्राच्या पहिल्या महिला पंतप्रधान. जन्म आपीआ येथे. त्यांचे वडील पश्चिम सामोआचे (१९९७ पासून सामोआ) पहिले पंतप्रधान असून आई लाउलू फेताउइमालेमाउ यांनीही संसदेचे सदस्यत्व भूषविले. ‘फिआमे’ ही कुलप्रमुखाची (मताई) उपाधी होय. न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथे शिक्षण घेत असताना वडिलांचे निधन झाले (१९७५). त्यांच्या उपाधींच्या वारसाहक्काच्या खटल्यांमुळे नाओमी विद्यापीठीय शिक्षण अर्धवट सोडून मायदेशी परतल्या.

लोतोफागा मतदारसंघातून १९८५ मध्ये त्या संसदेवर निवडून आल्या. त्या काळी बहुतेक मतदारसंघांत मतदानाचा अधिकार केवळ मताईंनाच होता. प्रौढ मतदान पद्धती १९९० च्या सार्वमतानंतर आली. मानवी हक्क संरक्षण पक्षाच्या शासनात त्या १९९१ मध्ये शिक्षणमंत्री झाल्या. देशाच्या मंत्रिमंडळातील त्या पहिल्या स्त्री-सदस्य. पुढे महिलाविकास व न्याय ही खाती सांभाळून २०१६ मध्ये त्या उपपंतप्रधान झाल्या.

पंतप्रधान तुइलाएपा साइलेले मालिएलेगाओई यांच्या शासनाने २०२० मध्ये तीन विधेयके मांडली. त्यांनुसार भूमी व उपाधी न्यायालय सर्वोच्च न्यायालयाच्या नियंत्रणातून मुक्त होणार होते. सुमारे ८०% जमीन परंपरागत सामूहिक मालकीची असलेल्या या देशात, ग्रामसभेच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याचा व्यक्तीचा हक्क त्यामुळे धोक्यात येत होता. न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्यासाठी फिआमे यांनी सप्टेंबर २०२० मध्ये पदत्याग केला आणि नंतर ‘फास्ट’ या नव्या पक्षाचे नेतृत्व स्वीकारले.

एप्रिल २०२१ च्या निवडणुकीत दोन्ही पक्षांना प्रत्येकी २५ जागा मिळाल्या. एकमेव अपक्ष सदस्य फास्टला मिळाला. परंतु स्त्रियांच्या किमान १०% प्रतिनिधित्वाच्या तरतुदीचा आधार घेऊन सत्ताधारी पक्षाला एक जादा जागा देण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने ती नेमणूक रद्द ठरविली. २४ मे रोजी संसदेचे दरवाजे बंद ठेवण्यात आल्याने फास्टच्या सदस्यांनी आवारातील तंबूत शपथ घेतली. अपील न्यायालयाने २३ जुलै रोजी हा शपथविधी वैध ठरविला आणि सत्तांतर रक्तपाताविना पार पडले.

पक्षातील फुटीमुळे त्यांचे शासन जानेवारी २०२५ पासून अल्पमतात आले. दोन अविश्वास ठरावांतून ते तरले. तथापि मे महिन्यात अर्थसंकल्प फेटाळला गेल्याने संसद विसर्जित झाली. ऑगस्टमधील निवडणुकीत फिआमे यांच्या नव्या पक्षाला तीनच जागा मिळाल्या. मात्र लोतोफागाची जागा त्यांनी राखली. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या पंतप्रधानपदावरून पायउतार झाल्या. परंपरागत उपाधीचा वारसा लाभलेल्या या नेत्याने संविधानाची बाजू घेतली, यातच त्यांच्या कारकीर्दीचे महत्त्व आहे.