आसन आणि आसनस्थ



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले आहे, त्या गुरुवर्यांनी आम्हाला इतिहास शिकविला तो राजांच्या नावांची जपमाळ म्हणून नव्हे. घटनेमागची संस्था पाहावी, असा त्यांचा आग्रह असे. तोच धागा धरून आज एक प्रश्न आपल्यापुढे मांडतो. देशाच्या सर्वोच्च पदाविषयीचा आदर, त्या पदावर कोण बसले आहे हे पाहून कमी-अधिक व्हावा काय?

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी माणसाला हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार राज्यांच्या सीमा बदलणारे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीवाचून संसदेत मांडताच येत नाही. राज्यपुनर्रचनेच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली ती ३१ ऑगस्ट १९५६ रोजी. त्याच वर्षी १७ जानेवारीला बेळगावात गोळीबार होऊन माणसे दगावली होती आणि तो दिवस आपण हुतात्मा दिन म्हणून पाळतो. १ नोव्हेंबरला हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. ज्या कायद्याने आपल्या मनाला जखम झाली, त्याच्या अखेरीस डॉ. राजेंद्रप्रसादांची सही आहे. आणि तरीही त्यानंतरच्या प्रत्येक २६ जानेवारीला सीमाभागातील मराठी शाळांनी प्रजासत्ताकाच्या झेंड्याला वंदन केले आहे. ही विसंगती आहे काय? माझ्या मते नाही. का नाही, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

शाहू महाराज १७४९ च्या डिसेंबरात निवर्तले आणि रामराजे साताऱ्याच्या गादीवर आले. पुढल्याच वर्षी ताराबाईंनी त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले. हा आपला खरा नातू नव्हे, असेही त्यांनी जाहीर केले. छत्रपतींच्या हाती सत्ता अशी उरली नाही. कारभार पुण्यास चाले. तरी पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहूनच यावी लागत. १७६१ साली थोरल्या माधवरावांना ती तेथूनच मिळाली. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाल्यावर राघोबादादांनाही त्या वस्त्रांची गरज भासली. पुढे बारभाईंनी सवाई माधवरावांचा पक्ष उचलला, तेव्हा त्या तान्ह्या मुलासाठीही साताऱ्याहूनच वस्त्रे आणविण्यात आली. अटकेपार झेंडे नेणारी सत्ता स्वतःच्या बळावर स्वतःला अधिकार देऊ शकत नव्हती. अधिकार गादीकडून येतो, ही जाणीव मराठी मनात इतकी खोल होती.

परंतु या कथेला दुसरी बाजू आहे. गादीला मुजरा होत असे आणि गादीवरील पुरुष बंदिवासात दिवस कंठीत असे. मान उरला, पण तो वस्त्रांपुरता. पदाचा आदर आणि पदाचा देखावा यांतील अंतर साताऱ्याच्या इतिहासाने आपल्याला दाखवून ठेवले आहे. हे अंतर ध्यानी ठेवून आपण आपल्या गावाकडे वळू.

१९२४ च्या डिसेंबरात टिळकवाडीच्या परिसरात काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले ते एकमेव अधिवेशन, आणि ते गंगाधरराव देशपांडे यांच्या परिश्रमाने बेळगावात झाले. त्या वेळी काँग्रेसमध्ये फेरवादी आणि नाफेरवादी असे दोन तट होते. गांधीजींचा स्वतःचा कौल कायदेमंडळांवरील बहिष्काराकडे होता. तरी स्वराज्य पक्षाच्या देशबंधू दास आणि मोतीलाल नेहरूंशी झालेल्या समेटावर याच अधिवेशनाने शिक्कामोर्तब केले. अध्यक्षाने आपला पक्ष मागे ठेवून सर्वांचे आसन सांभाळले.

पुढे काँग्रेसच्या अध्यक्षास लोक ‘राष्ट्रपती’ म्हणू लागले. १९३७ साली जवाहरलाल नेहरू त्या पदावर असताना ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकात ‘चाणक्य’ या टोपणनावाने ‘राष्ट्रपती’ नावाचा लेख आला. या माणसाच्या अंगी हुकूमशहा होण्याजोगे गुण आहेत, तेव्हा सावध राहा, असा इशारा त्यात होता. लेखक स्वतः नेहरूच होते! आसनावर बसलेल्यानेच आसन आणि आपण यांत रेघ ओढावी, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

ही रेघ घटनेत पक्की केली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९२५ साली निपाणीच्या बहिष्कृत परिषदेसाठी ते आपल्या या भूमीत आले होते. नोव्हेंबर १९४८ मध्ये घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी स्पष्ट केले की, आपला राष्ट्रपती राज्याचा प्रमुख आहे, शासनाचा नव्हे. तो राष्ट्राचे प्रतिनिधित्व करतो, राज्यकारभार करीत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावले की, धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असेल, राजकारणात मात्र ती अधःपाताकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. या दोन विधानांत विरोध नाही. आदर पदाचा करावा, भक्ती व्यक्तीची करू नये, असा त्यांचा एकत्रित अर्थ मी घेतो.

आता अलीकडची कसोटी पाहू. २५ जुलै २००७ रोजी प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या. जळगाव जिल्ह्यातील नाडगावची कन्या, पहिली महिला राष्ट्रपती आणि त्या आसनावर बसलेली पहिली मराठी व्यक्ती. मराठी म्हणून शिवसेनेने आपल्या आघाडीचा उमेदवार बाजूस सारून त्यांना पाठिंबा दिला. सीमाभागातही आनंद झाला. ‘आता आपले माणूस दिल्लीत आहे,’ असे त्या दिवसांत मी अनेक बैठकांत ऐकले. पण राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले असतात. आपले माणूस तेथे बसले म्हणून सीमा हलणार नव्हती, आणि हलली असती तर ते भूषणावह ठरले नसते; कारण मग उद्या दुसऱ्या कुणाचे माणूस बसले की ती पुन्हा हलली असती.

त्यांच्यामागून प्रणव मुखर्जी आले आणि ११ ऑक्टोबर २०१२ रोजी त्यांच्या हस्ते बेळगावच्या सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन झाले. सीमाप्रश्न न्यायालयात असताना बेळगाववरील हक्क दाखविणारी ती वास्तू मराठी भाषकांच्या मनाला बोचणारी होती आणि आहे. ‘आता कसला मान राखायचा?’ असे मला तरुणांनी विचारले. प्रश्नामागची वेदना खरी होती. पण पाच वर्षांपूर्वी आपला म्हणून मान आणि आता आपल्याला नको ते केले म्हणून अवमान, अशाने आदर पदाचा कधीच नव्हता असे सिद्ध होते. विरोध सरकारच्या धोरणाला होता. तो सभेत, मोर्चात, महामेळाव्यात, न्यायालयात मांडण्याचा हक्क याच प्रजासत्ताकाने दिला आहे.

शिवाय एक व्यावहारिक गोष्ट आहे. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. न्याय देणाऱ्या त्या न्यायमूर्तींच्या नियुक्तिपत्रावर सही आणि मोहोर राष्ट्रपतींची असते. उद्या सीमा बदलायची झाली, तर विधेयकाची शिफारसही तेथूनच व्हावी लागेल. संख्येने अल्प असलेल्यांना दाद मागायला व्यक्तीहून मोठे असे काहीतरी लागते. ते आसन आपणच हिणवले, तर बसल्या फांदीवर कुऱ्हाड घातल्यासारखे होईल.

मात्र आदर म्हणजे मौन नव्हे. १९७० साली आपल्या निवडणुकीविरुद्धच्या अर्जात राष्ट्रपती वराहगिरी वेंकट गिरी सर्वोच्च न्यायालयात साक्षीला उभे राहिले. त्याने पदाची उंची कमी झाली नाही, वाढली. १९९७ साली के. आर. नारायणन यांनी उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस फेरविचारार्थ मंत्रिमंडळाकडे परत धाडली. आसन केवळ वस्त्रांपुरते नाही हे त्यांनी दाखविले. म्हणून मी म्हणेन की, पदाचा खरा अवमान रस्त्यावरच्या घोषणेने फारसा होत नाही. सत्ताधारी त्याला सहीचा शिक्का मानतात तेव्हा तो होतो, आणि नागरिक त्याला जातीच्या, भाषेच्या वा पक्षाच्या मापाने मोजतात तेव्हाही होतो.

या शाळेच्या विद्यार्थ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. आपली मागणी सोडू नका. ती न्याय्य आहे, असे मीही मानतो. पण ती मांडताना मान ताठ आणि भाषा संयत असू द्या. जे पद आपल्याला नको असलेल्या निर्णयाच्या दिवशीही आपण मानतो, त्याच पदाकडे न्याय मागण्याचा आपला अधिकार निर्विवाद राहतो.